वित्तीय शिस्तीची कुऱ्हाड आमच्याच निधीवर का?

मे २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळातूनच एक तक्रार जनतेसमोर आली. सामाजिक न्याय खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनी आपल्याच सरकारच्या वित्त विभागावर जाहीर नाराजी व्यक्त केली. त्यांच्या खात्याचे ४१० कोटी ३० लाख रुपये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेसाठी महिला व बालविकास विभागाकडे वळवण्यात आले होते. आदिवासी विकास विभागाचेही ३३५ कोटी ७० लाख रुपये त्याच वाटेने गेले. या खात्याची गरज नसेल तर ते बंद करावे, इथपर्यंत मंत्र्यांची भाषा गेली. चार दिवस वर्तमानपत्रांत महायुतीतील कुरबुरीच्या बातम्या झळकल्या आणि नंतर विषय थंड झाला.

आमच्या दृष्टीने हा विषय मंत्र्यांच्या मानापमानाचा नाही. ४१० कोटी म्हणजे नेमके किती, याचा हिशेब आम्ही आमच्या भाषेत करून पाहिला. ज्या विद्यार्थ्याला शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळत नाही, त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार रुपये मिळण्याची तरतूद आहे. त्या दराने ४१० कोटींत सुमारे ६८ हजार विद्यार्थ्यांचे वर्षभराचे जेवण, निवास आणि पुस्तके भागली असती. राज्यातील अनेक मुले स्वाधारच्या हप्त्याची वाट पाहत खोलीभाडे थकवून बसतात, हे चळवळीतल्या कार्यकर्त्यांना वेगळे सांगण्याची गरज नाही. त्यांना जेव्हा ‘निधी उपलब्ध नाही’ असे उत्तर मिळते, तेव्हा निधी कोठे गेला हे विचारण्याचा अधिकार त्यांना आहे.

सरकार यावर जे सांगते ते आता सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. राज्यावर कर्जाचा बोजा आहे, २०२५-२६ च्या अर्थसंकल्पातील अंदाजानुसार हा बोजा ९ लाख ३० हजार कोटींच्या पुढे जाणार होता, म्हणून वित्तीय शिस्त पाळावीच लागेल, असे सांगितले जाते. वित्तीय शिस्त हा शब्द ऐकला की आपल्यातले भलेभले गप्प बसतात. अर्थशास्त्र हा तज्ज्ञांचा प्रांत आहे, आपण काय बोलणार, असे त्यांना वाटते. ज्या समाजाचा उद्धारकर्ताच मुळात अर्थशास्त्राचा प्रकांड पंडित होता, त्या समाजाने अर्थसंकल्पाला घाबरावे यासारखे दुर्दैव नाही. म्हणून या शब्दाचा अर्थ आणि इतिहास दोन्ही तपासले पाहिजेत.

सरकारची मिळकत कमी आणि खर्च जास्त झाला की तूट येते, ती कर्ज काढून भरावी लागते. वित्तीय शिस्तवाद्यांचे म्हणणे असे की, सरकारने खर्च आवरावा, तूट मर्यादेत ठेवावी, कर कमी करावेत, उद्योगधंद्यांतून अंग काढून घ्यावे आणि उरलेले काम बाजारावर सोपवावे. इंग्लंडमध्ये १९७९ नंतर मार्गारेट थॅचर यांनी आणि अमेरिकेत १९८१ नंतर रोनाल्ड रेगन यांनी हा विचार राज्यकारभारात आणला. भारतात २४ जुलै १९९१ रोजी डॉ. मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्प मांडला आणि खासगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण म्हणजे ‘खाउजा’ धोरणाचा अंमल सुरू झाला. पुढे २००३ मध्ये वाजपेयी सरकारच्या काळात राजकोषीय उत्तरदायित्व व अर्थसंकल्प व्यवस्थापन कायदा झाला. राजकोषीय तूट देशाच्या सकल उत्पन्नाच्या ३ टक्क्यांवर आणावी, हे त्याचे प्रमुख उद्दिष्ट. २००५ मध्ये महाराष्ट्रानेही आपला स्वतंत्र कायदा केला. काँग्रेसने सुरुवात केली, भाजपने कायदा केला, पुन्हा काँग्रेसने तो राबवला. या एका प्रश्नावर सर्व प्रस्थापित पक्षांचे गोत्र एकच आहे.

आता हा कायदा कोणासाठी कडक झाला आणि कोणासाठी सैल झाला, हे पाहू. २००८ मध्ये जागतिक मंदी आली तेव्हा उद्योगांना सावरण्यासाठी उत्पादन शुल्कात सवलती देण्यात आल्या, तुटीची मर्यादा बाजूला ठेवण्यात आली आणि केंद्राची तूट ६ टक्क्यांपर्यंत चढली. कोणीही देश बुडाला म्हणून हाकाटी केली नाही. २० सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने एका अध्यादेशाने कंपन्यांवरील कराचा मूळ दर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणला आणि नव्या उत्पादक कंपन्यांसाठी तो १५ टक्के केला. यामुळे वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींच्या महसुलावर पाणी सोडावे लागेल, असे अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी स्वतःच सांगितले. त्या दिवशी वित्तीय शिस्तीची आठवण कोणाला झाली नाही. उलट शेअर बाजाराने दिवाळी साजरी केली.

नेमक्या त्याच काळात अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे काय चालले होते? बाराव्या पंचवार्षिक योजनेचा काळ २०१७ मध्ये संपला आणि जुन्या सूत्रानुसार या शिष्यवृत्तीचा मोठा भार राज्यांवर ढकलला गेला. केंद्राचा वाटा इतका आटला की, काही राज्यांनी योजना चालवणेच अवघड असल्याचे सांगितले. महाविद्यालयांचे शुल्क थकले, विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका आणि दाखले अडवले गेले. देशभर ओरड झाल्यानंतर २३ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने केंद्राचा ६० टक्के वाटा निश्चित केला आणि पाच वर्षांसाठी ३५ हजार ५३४ कोटी रुपये मंजूर केले. चार कोटींहून अधिक विद्यार्थ्यांना याचा लाभ होईल, असे सरकारने सांगितले. येथे वाचकांनी दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. कंपन्यांना एका वर्षात सोडलेली रक्कम ही चार कोटी विद्यार्थ्यांच्या पाच वर्षांच्या शिष्यवृत्तीतील केंद्राच्या वाट्याच्या चौपट आहे. पहिली रक्कम सोडायला एक अध्यादेश पुरला. दुसरी मिळवायला तीन वर्षे आंदोलने करावी लागली.

बँकांचे उदाहरणही असेच आहे. २०१४-१५ पासूनच्या नऊ वर्षांत बँकांनी १४ लाख ५६ हजार कोटींची थकीत कर्जे निर्लेखित केली आणि त्यातील ७ लाख ४० हजार कोटी मोठ्या उद्योगांची होती, अशी माहिती सरकारने २०२३ मध्ये संसदेत दिली. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, वसुली चालूच राहते, असा खुलासा सरकार करते. तांत्रिकदृष्ट्या तो बरोबर आहे. परंतु महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाकडून ५० हजारांचे कर्ज घेणाऱ्या आमच्या तरुणाला दोन-दोन जामीनदार आणावे लागतात आणि हप्ता चुकला की नोटीस येते, तेव्हा असा तांत्रिक खुलासा त्याच्या वाट्याला का येत नाही?

हे केवळ भारतातच घडते असे नाही. काटकसरीचे प्रवचन देणाऱ्या रेगन यांच्या आठ वर्षांत अमेरिकेचे सरकारी कर्ज जवळपास तिप्पट झाले, कारण श्रीमंतांचे कर घटले आणि लष्करावरचा खर्च वाढला. कात्री लागली ती गरिबांच्या मदतीला. जुलै २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने जो मोठा कर कायदा केला, त्यानेही गरिबांच्या आरोग्य योजनेचा खर्च कापला आणि तरीही दहा वर्षांत तूट तीन लाख कोटी डॉलरहून अधिक वाढेल, असा अंदाज तेथील संसदेच्याच अर्थसंकल्प कार्यालयाने दिला. तात्पर्य, जगभरातील उजव्या राजकारणात वित्तीय शिस्त ही ज्याची राजकीय ताकद कमी त्याच्या खर्चालाच लागू होते. भारतात ताकद कोणाची कमी, हे जातिव्यवस्थेने आधीच ठरवून ठेवले आहे.

आमच्या निधीचा इतिहास याची साक्ष देतो. अनुसूचित जातींसाठी विशेष घटक योजना १९७९-८० मध्ये सुरू झाली. समाजाच्या लोकसंख्येच्या प्रमाणात विकासाचा पैसा स्वतंत्र बाजूला काढावा, तो दुसरीकडे वळवू नये आणि तो व्यपगत होऊ देऊ नये, हे तिचे तत्त्व. पुढे तिला अनुसूचित जाती उपयोजना म्हटले गेले. डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखालील कार्यदलाने २०१० मध्ये केंद्रीय योजना खर्चापैकी १५.२ टक्के रक्कम यासाठी राखून ठेवण्याची शिफारस केली. त्याच २०१० मध्ये दिल्लीतील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या कामांसाठी या उपयोजनेचे शेकडो कोटी रुपये वळवल्याचे उघड झाले आणि तत्कालीन गृहमंत्र्यांना राज्यसभेत ते मान्य करावे लागले. स्टेडियम आणि उड्डाणपूल बांधण्यासाठी दलितांचा निधी कसा काय चालतो, हे कोडे आजही सुटलेले नाही. मग योजना आयोग गेला, नीती आयोग आला आणि २०१७-१८ पासून योजना खर्च व योजनेतर खर्च हा भेदच रद्द झाला. ज्या योजना खर्चाच्या टक्क्यावर आमचा वाटा मोजला जात होता, ते मोजमापच नाहीसे झाले. उरले ते अर्थसंकल्पातील १०-अ क्रमांकाचे विवरणपत्र. त्यात रस्ते, खतांचे अनुदान, दूरसंचार अशा सर्वसाधारण योजनांच्या खर्चाचा काही भाग ‘अनुसूचित जातींसाठी’ म्हणून कागदावर दाखवला जातो. त्यातून वस्तीत नळही येत नाही आणि विद्यार्थ्याला पुस्तकही मिळत नाही, पण टक्केवारी मात्र पूर्ण होते.

या बाबतीत कोणत्याही पक्षाला दुसऱ्याकडे बोट दाखवण्याचा अधिकार नाही. कर्नाटकात काँग्रेस सरकारने २०२३-२४ मध्ये आपल्या गॅरंटी योजनांसाठी अनुसूचित जाती-जमाती उपयोजनांतील सुमारे ११ हजार कोटी रुपये वापरले, तेव्हा तेथील भाजपने दलितांच्या नावाने अश्रू ढाळले. महाराष्ट्रात भाजप आघाडीच्या सरकारने तेच केले, तेव्हा काँग्रेसने अश्रू ढाळले. अश्रू ढाळणारे डोळे बदलतात, निधी मात्र दोन्हीकडे आमचाच जातो.

यावर सत्ताधाऱ्यांचा एक युक्तिवाद आहे आणि तो गांभीर्याने घेतला पाहिजे. ते म्हणतात, हा पैसा लाडकी बहीण योजनेतील अनुसूचित जातींच्या महिलांनाच मिळतो, मग तक्रार कसली? आमच्या वस्त्यांतील लाखो आया-बहिणींना दरमहा १५०० रुपयांचा आधार मिळतो, हे खरे आहे. धुणीभांडी करणाऱ्या, ऊसतोडीला जाणाऱ्या बाईच्या हातात रोख रक्कम पडते, तिला कोणी नाव ठेवू नये. आमचा विरोध तिला नाही. प्रश्न असा की, मराठा, माळी किंवा ब्राह्मण समाजातील पात्र महिलेला हे १५०० रुपये राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीतून मिळतात आणि बौद्ध, मातंग, चर्मकार महिलेला ते तिच्याच मुलांच्या शिष्यवृत्तीच्या पेटीतून का मिळावेत? ती महिला या राज्याची नागरिक नाही काय? साखरेपासून मोबाईलच्या रिचार्जपर्यंत जे जे ती विकत घेते, त्यातून सरकारच्या तिजोरीत तिचीही भर पडते. सर्वांसाठी असलेल्या योजनेवर तिचा हक्क नागरिक म्हणून आहे. विशेष घटकाचा निधी हा त्या हक्काच्या वर, शतकानुशतकांच्या वंचनेची भरपाई म्हणून आहे. पहिल्या हक्काची रक्कम दुसऱ्या हक्काच्या खात्यातून देणे म्हणजे सरकारने एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेणे होय. हा युक्तिवाद एकदा मान्य केला की, उद्या रेशनचे धान्य, एसटीतील सवलत आणि दवाखान्याचे औषधही आमच्याच निधीतून दाखवले जाईल.

हा झाला निधीचा भाग. दुसरी कुऱ्हाड नोकऱ्यांवर पडते आणि ती अधिक बेमालूम असते. आरक्षण रद्द करण्याची हिंमत कोणत्याही सरकारची नाही, म्हणून आरक्षण जेथे लागू होते ती जागाच रद्द केली जाते. भारत अॅल्युमिनियम कंपनी म्हणजे बाल्को २००१ मध्ये खासगी कंपनीला विकली गेली. केंद्राने ५१ टक्के भाग ५५१ कोटी ५० लाखांना विकले. कामगार सर्वोच्च न्यायालयात गेले. कंपनी ‘राज्य’ या संज्ञेत बसत होती तोवर संविधानाच्या अनुच्छेद १४ आणि १६ चे संरक्षण आम्हाला होते, विक्रीनंतर ते जाईल, हे त्यांचे म्हणणे होते. १० डिसेंबर २००१ रोजी न्यायालयाने निकाल दिला की, निर्गुंतवणूक हा धोरणात्मक निर्णय आहे आणि असे संरक्षण जाते एवढ्या कारणाने विक्री अवैध ठरत नाही. कायद्याचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येक भीमसैनिकाने हा निकाल वाचला पाहिजे. संविधानातील एक अक्षरही न बदलता आरक्षणाचे क्षेत्र कसे आकुंचित करता येते, याचा तो वस्तुपाठ आहे. मुंबईत वाढलेली एअर इंडिया २७ जानेवारी २०२२ रोजी टाटा समूहाच्या हाती गेली, तेव्हा तेथील पुढील भरतीतून अनुच्छेद १६ (४) ही गेला.

जे उपक्रम विकले गेले नाहीत त्यांचे काय? सार्वजनिक उपक्रम सर्वेक्षणाच्या आकड्यांनुसार केंद्रीय उपक्रमांतील कर्मचारी मार्च २०१३ मध्ये १७ लाख ३० हजार होते, ते मार्च २०२२ मध्ये १४ लाख ६० हजार झाले. उरलेल्यांतही कंत्राटी आणि रोजंदारी कामगारांचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांवरून ४० टक्क्यांच्या पुढे गेले. कंत्राटदाराकडे ना बिंदुनामावली असते, ना अनुशेष. महाराष्ट्र शासनाने ६ सप्टेंबर २०२३ रोजी नऊ खासगी एजन्सींमार्फत मनुष्यबळ घेण्याचा शासन निर्णय काढला, त्यामागेही प्रशासकीय खर्चातील बचतीचेच कारण होते. तरुण रस्त्यावर उतरले आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजी तो निर्णय रद्द झाल्याची घोषणा करावी लागली. रद्द करताना, ही पद्धत आधीच्या सरकारनेच सुरू केली, असा आरोप झाला. आम्हाला त्यात आश्चर्य वाटले नाही. सफाई कामगारापासून संगणकचालकापर्यंतची पदे गेली वीस-पंचवीस वर्षे या राज्यात ठेकेदारांकडे जात आहेत. मुंबई असो की नागपूर, झाडू मारणारे हात आमचेच राहिले. त्या हातांना पूर्वी निवृत्तिवेतन होते, आता ठेकेदाराचे ओळखपत्र आहे.

बाजाराचे समर्थक म्हणतात, नोकऱ्या मागू नका, नोकऱ्या देणारे व्हा. २००५ मध्ये पुण्यात दलित उद्योजकांचे चेंबर स्थापन झाले, त्यातून काही उद्योजक पुढे आले, त्यांचे आम्हाला कौतुक आहे. परंतु बाजारात उतरायला जमीन, भांडवल आणि ओळख लागते. या तिन्ही गोष्टी जातीने वाटून ठेवल्या आहेत. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणात सरकारी खरेदीपैकी ४ टक्के माल अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांकडून घेण्याचे उद्दिष्ट आहे. अनेक वर्षे ही खरेदी उद्दिष्टाच्या निम्म्यालाही पोहोचली नाही. सरकारच जेथे आपला शब्द पाळत नाही, तेथे खासगी भांडवलदार पाळेल, ही आशा भाबडी आहे. खासगी क्षेत्रातील आरक्षणावर उद्योगांशी चर्चा करण्याचे आश्वासन २००४ च्या किमान समान कार्यक्रमात होते. उद्योगपतींनी स्वेच्छेने प्रयत्न करू असे सांगून वेळ मारून नेली आणि तो विषय तेथेच राहिला.

अलीकडे काही विद्वान बाबासाहेबांनाच मुक्त बाजाराचे पुरस्कर्ते ठरवू लागले आहेत. त्यासाठी ते १९२३ च्या ‘रुपयाचा प्रश्न’ या ग्रंथाचा आधार घेतात. सरकारने मनमानीपणे चलन वाढवू नये, ही त्या ग्रंथाची भूमिका आहे, हे खरे. पण ती कोणाच्या हितासाठी? भाव वाढले की मजुराची मजुरी त्या वेगाने वाढत नाही आणि त्याचे पोट मारले जाते, म्हणून. १९२५ च्या प्रांतिक वित्तावरील ग्रंथात त्यांनी ब्रिटिश राज्यकर्त्यांना जाब विचारला, तो जमीन महसूल आणि मिठावरचा कर गरिबाच्या माथी मारून शिक्षण व सार्वजनिक कामांवर हात आखडता घेतल्याबद्दल. मुंबई विधिमंडळात २४ फेब्रुवारी १९२७ रोजी अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी दाखवून दिले की, ठरावीक उत्पन्नापर्यंत आयकर माफ असतो, पण शेतकऱ्याला कितीही थोडी जमीन असली तरी महसूल चुकत नाही. १२ मार्च १९२७ रोजी, म्हणजे महाडच्या सत्याग्रहाच्या आठच दिवस आधी, शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी हिशेब मांडला की, सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करते आणि दारूच्या करातून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते. शिक्षण खाते हे नफा-तोट्याच्या तागडीत तोलण्याचे खाते नाही, असे त्यांनी त्याच भाषणात बजावले. चवदार तळ्याकडे निघालेला हा महापुरुष आधी अर्थसंकल्प वाचून गेला होता, हे आपण विसरतो.

पुढे फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. १९४७ मध्ये ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात मूलभूत उद्योग, विमा आणि शेती राज्याच्या मालकीची असावी, अशी संविधानातच तरतूद करण्याची मागणी केली. विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन १९५६ मध्ये आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. मे २०२२ मध्ये त्याचे साडेतीन टक्के भाग बाजारात विकले गेले. बाबासाहेब कोठे होते आणि देश कोणीकडे चालला आहे, हे कळायला एवढे पुरे आहे.

याचा अर्थ आम्ही उधळपट्टीचे समर्थक आहोत, असा नाही. महालेखापाल हा संविधानातील कदाचित सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे, असे बाबासाहेबांनी ३० मे १९४९ रोजी संविधान सभेत सांगितले होते. तथागतांनीही सिगाल या गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करून एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि एक अडीअडचणीसाठी ठेवण्याचा उपदेश केला. परंतु त्याच तथागतांनी कूटदन्त सुत्तात राजाला काय करायला सांगितले आहे? यज्ञावर संपत्ती उधळू नको, शेतकऱ्याला बी-बियाणे दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, नोकराला वेतन दे, मग राज्यात चोरी-दरोडे उरणार नाहीत. काटकसर यज्ञात करायची आणि खर्च माणसांवर करायचा, ही बुद्धाची वित्तीय शिस्त आहे. आजचे राज्यकर्ते नेमके उलटे करतात. सवलतींचे यज्ञ अखंड चालू असतात आणि २०२३ मध्ये बार्टीच्या संशोधक विद्यार्थ्यांच्या अधिछात्रवृत्तीचा प्रश्न आला की, ‘समान धोरणा’च्या नावाखाली संख्येवर २०० ची मर्यादा घातली जाते. पूर्ण अधिछात्रवृत्तीसाठी पीएच.डी. करणाऱ्या मुला-मुलींना उपोषणाला बसावे लागते. विषमता कमी करण्यासाठी दिलेला निधी समानतेच्या नावाने कमी करण्याची ही युक्ती आहे.

मग चळवळीने करायचे काय? निधी वळवल्याची बातमी आली की, निषेधाचे पत्रक काढायचे आणि जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्यायचे, एवढ्याने भागणार नाही. या प्रश्नाला कायद्याचा पाया हवा. नियोजनाच्या मार्गदर्शक सूचना म्हणजे कायदा नव्हे. त्या मोडल्या म्हणून न्यायालयात दाद मागायला गेले की, हात रिकामे राहतात. अविभाजित आंध्र प्रदेशाने आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये, तेलंगणाने २०१७ मध्ये आणि राजस्थानने २०२२ मध्ये उपयोजनेचा कायदा केला. महाराष्ट्रात ही मागणी जुनी असूनही २०२५ पर्यंत असा कायदा झाला नव्हता. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेतल्याशिवाय ज्या राज्यात भाषण सुरू होत नाही, त्या राज्याची ही अवस्था आहे.

मात्र कायदा कसा असावा, याबाबत सावध राहिले पाहिजे. कर्नाटकच्या कायद्यात कलम ७ (ड) अशी एक पळवाट होती. सर्वसाधारण कामावरील खर्चाचा काही भाग दलितांसाठी झाल्याचे ‘मानण्याची’ सोय त्यात होती. त्या एका शब्दाच्या आधारे वर्षानुवर्षे निधी रस्ते आणि धरणांवर गेला. २०२३ मध्ये ते कलम रद्द करावे लागले आणि तरीही गॅरंटी योजनांसाठी निधी वापरला गेलाच. म्हणून महाराष्ट्राच्या कायद्यात चार गोष्टी स्पष्ट शब्दांत हव्यात. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात अनुसूचित जातींची लोकसंख्या ११.८ टक्के आहे, किमान तेवढा वाटा पुढील जनगणनेचे आकडे येईपर्यंत बंधनकारक असावा. ज्या योजनेचा लाभ थेट अनुसूचित जातीच्या व्यक्तीला किंवा वस्तीला होतो आणि जी सर्वांसाठीच्या योजनेची बदली नाही, तीच या निधीतून चालावी. तेलंगणाच्या कायद्याप्रमाणे अखर्चित रक्कम पुढील वर्षात यावी, ३१ मार्चला ती बुडू नये. आणि निधी वळवणाऱ्या अधिकाऱ्यावर व्यक्तिशः जबाबदारी निश्चित व्हावी. ज्या कायद्यात शिक्षा नाही, तो कायदा पाळला जात नाही, हा आमचा कोर्टातील रोजचा अनुभव आहे.

कायदा होईपर्यंतही हात बांधून बसण्याचे कारण नाही. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा नियोजन समितीमार्फत अनुसूचित जाती घटकाचा निधी वाटला जातो. किती तरतूद झाली, किती रक्कम वितरित झाली, ३१ मार्चला किती परत गेली आणि दलित वस्तीच्या नावावरचा रस्ता प्रत्यक्षात कोणाच्या दारातून गेला, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. आमच्या विहारांतून वंदना होते, वर्षावासात ग्रंथवाचन होते. त्याच विहारात वर्षातून एकदा, मार्च महिन्यात, आपल्या तालुक्याच्या निधीचा हिशेब फळ्यावर लिहून वाचला जावा. कॉलेजात शिकणारी आमची मुले हे काम सहज करू शकतात. राखीव मतदारसंघांतून विधानसभेत जाणाऱ्या २९ आमदारांना निवडणुकीच्या आधी एकच प्रश्न विचारावा की, निधी वळवला गेला तेव्हा आपण सभागृहात काय बोललात? उत्तर नसेल तर त्याची नोंद मतदानाच्या दिवसापर्यंत ठेवावी. पक्ष कोणताही असो, निळा झेंडा लावला म्हणून या प्रश्नातून कोणाची सुटका होऊ नये.

आपल्या महामंडळांत घोटाळे झाले, वसतिगृहांच्या भोजन ठेक्यात मलिदा खाल्ला गेला, त्यात आपलीही काही माणसे सामील होती. त्यांचाही हिशेब याच फळ्यावर लागला पाहिजे. शिस्त हवीच. ती आधी पैसा खाणाऱ्याला आणि पैसा पळवणाऱ्याला लागू व्हावी, वसतिगृहात अर्धपोटी राहणाऱ्या मुलाला नव्हे.

आरक्षणाच्या रक्षणासाठी आपण रस्त्यावर उतरतो, पुतळ्याच्या विटंबनेवर उतरतो, ते योग्यच आहे. परंतु दरवर्षी मार्च महिन्यात विधानभवनात अर्थसंकल्पाचे जाडजूड खंड मांडले जातात आणि त्यातील एखाद्या लेखाशीर्षाखाली आमच्या पिढीचे भवितव्य मागेपुढे होते, तेव्हा बाहेर घोषणा द्यायला कोणी नसते. बाबासाहेबांनी महाडला जाण्यापूर्वी सभागृहात अर्थसंकल्पाचा हिशेब मागितला. त्यांच्या अनुयायांनी पुढच्या मार्चपासून निदान तो वाचायला सुरुवात करावी.